भीमेचा जमाखर्च

जून महिना लागला कीं पुण्यापासून सोलापुरापर्यंतच्या साऱ्या बाजारपेठांत एकच प्रश्न ऐकूं येतो : ‘उजनी किती टक्के झाली?’ अडत्याच्या पेढीवर, कापडाच्या दुकानांत, एस. टी.च्या थांब्यावर आणि पंढरपूरच्या घाटावर हा आंकडा दररोज विचारला जातो. आणि तो शंभरावर गेला म्हणजे लोक सुटकेचा निःश्वास टाकून पाण्याचा विषय पुढील उन्हाळ्यापर्यंत मनांतून काढून टाकतात. आमच्या मतें खरी चूक येथेंच होते. ज्या व्यापाऱ्यानें वर्षारंभीं तिजोरींतील रक्कम तेवढी मोजली, पण ती रक्कम कोणाकोणास देणें आहे याची वही उघडलीच नाहीं, त्याची पेढी किती दिवस चालेल हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. भीमेच्या बाबतींत आपण नेमकें हेंच करीत आलों आहों. जमेचा आंकडा रोज प्रसिद्ध होतो. खर्चाची वही मात्र कोणी पाहत नाहीं. ती वही आज वाचकांपुढें उघडून ठेवावी असें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम या टक्क्यांचाच अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. माढें तालुक्यांत उजनी येथें भीमेवर बांधलेलें व १९८० सालीं पुरें झालेलें हें धरण पूर्ण भरलें असतां त्यांत सुमारें ११७ अब्ज घनफूट पाणी मावतें. आजच्या बोलींत ज्यास ‘टीएमसी’ म्हणतात तेंच हें माप. एक अब्ज घनफूट म्हणजे सुमारें २,८३० कोटि लिटर. परंतु या ११७ पैकीं साडेत्रेपन्न अब्ज घनफूटच उपयुक्त साठ्यांत धरले जातात. उरलेले त्रेसष्टांहून अधिक हे मृत साठ्याचे होत. वर्तमानपत्रांत येणारा टक्क्यांचा आंकडा हा केवळ उपयुक्त साठ्याचा असतो. म्हणून ‘शून्य टक्के’ म्हणजे धरण कोरडें पडलें असें नव्हे. तर नेहमीच्या खर्चास लावावयाची रक्कम संपली आणि गंगाजळीस हात घालण्याची वेळ आली, असा त्याचा अर्थ. या गंगाजळीचाहि कांहीं भाग गाळानें खाल्ला आहे, ही गोष्ट निराळीच.

आतां ही गंगाजळी खरोखर संकटसमयींच मोडली जाते काय? दुर्दैवानें नाहीं. उन्हाळ्याच्या अखेरीस उजनीचा आंकडा ‘उणे’ होणें ही आतां कोणास आश्चर्य वाटावें अशी गोष्ट राहिलेली नाहीं. २०२३ सालीं पावसानें दगा दिला व धरण भरलें नाहीं. त्यामुळें २०२४ च्या उन्हाळ्यांत हा आंकडा उणे पन्नास टक्क्यांच्याहि खालीं गेला. पळसदेवाचें जुनें मंदिर, जें एरवीं पाण्यांत बुडालेलें असतें, तें उघडें पडलें, आणि लोक तें पाहावयास गर्दी करूं लागले. नंतर त्याच वर्षीं ऑगस्टांत धरण भरून नदींत पाणी सोडावें लागलें, आणि दोन महिन्यांपूर्वींची सारी चिंता जणूं त्या पाण्याबरोबर वाहून गेली. दुष्काळांत हळहळावें आणि सुकाळांत विसरावें, हा आपला परिपाठ पडून गेला आहे. धरण रितें होण्यापेक्षां हा परिपाठच आम्हांस अधिक भयंकर वाटतो.

भीमेचें पाणी येतें कोठून हेंहि लक्षांत घेतलें पाहिजे. ही नदी भीमाशंकराच्या डोंगरांत उगम पावते आणि सुमारें ८६० किलोमीटर वाहून रायचूरनजीक कृष्णेस मिळते. तिला जें पाणी मिळतें तें बहुतेक सह्याद्रीच्या माथ्यावरचें होय. तेथें तीन हजार मिलिमीटरांहूनहि अधिक पाऊस पडतो. सोलापूर जिल्ह्यांत मात्र पांचशें ते सातशें मिलिमीटरांवरच समाधान मानावें लागतें, आणि तोहि वेळेवर पडेल याचा भरंवसा नसतो. पाऊस मावळाचा आणि तहान माणदेशाची व सोलापूरची, असा हा निसर्गाचाच वांटा आहे. म्हणून भामा, इंद्रायणी, पवना, मुळा, मुठा, कुकडी व घोड या नद्यांच्या कांठीं जें कांहीं घडतें, त्याचा परिणाम खालीं उजनीवर झाल्यावांचून राहत नाहीं.

या वरच्या मुलखांत पहिले हक्कदार मुंबईचे. टाटांच्या कंपनीनें लोणावळ्याच्या परिसरांत तळीं बांधून भीमा-खोऱ्याचें पाणी घाटाखालीं उतरविलें आणि १९१५ पासून खोपोलीस वीज निर्माण करून मुंबईच्या गिरण्यांस पुरविली. पुढें भिवपुरी व भिरा येथें वीजघरें झालीं. मुळशीच्या धरणाविरुद्ध सेनापति बापटांच्या नेतृत्वाखालीं १९२१ पासून जो सत्याग्रह झाला, तो धरणग्रस्तांच्या लढ्यांच्या इतिहासांतील आद्य प्रकरणांपैकीं एक म्हणून सर्वांस ठाऊक आहे. कृष्णा लवादानें या पाण्यास मर्यादा घालून दिली असून तिची सरासरी वर्षास सुमारें ४२ अब्ज घनफूट येते. हा आंकडा उजनीच्या उपयुक्त साठ्याच्या चार-पंचमांशाइतका आहे. शंभर वर्षांपूर्वीं या विजेस पर्याय नव्हता. आतां सूर्यापासून व वाऱ्यापासून वीज मिळूं लागली आहे, परंतु भीमेच्या पाण्यास पर्याय सांपडलेला नाहीं. तेव्हां दुष्काळाच्या वर्षीं तरी यांतील कांहीं हिस्सा पूर्वेकडे वळवितां येईल काय, याचा विचार झाला पाहिजे. मात्र घाटाखालीं उतरलेलें पाणी कुंडलिकेच्या कांठच्या गांवांस व कारखान्यांसहि उपयोगी पडतें हें विसरून चालणार नाहीं. एकाचें काढून दुसऱ्यास देतांना पहिल्याची सोय पाहावी लागते.

दुसरे हक्कदार पुणें आणि पिंपरी-चिंचवड. मुठेवर खडकवासल्याचें धरण १८७९ सालीं झालें. पुढें पानशेत, वरसगांव व टेमघर यांची त्यांत भर पडली. या चारी धरणांचा साठा मिळून सुमारें २९ अब्ज घनफूट होतो. तें पाणी पुण्याच्या नळांत आणि दौंड-इंदापूरच्या कालव्यांत अशा दोन्ही ठिकाणीं पुरवावें लागतें, आणि शहर जसजसें वाढतें तसतसा कालव्याचा वांटा घटतो. शहरांनीं पाणी पिऊं नये असें कोणी शहाणा मनुष्य म्हणणार नाहीं. परंतु शहरास दिलेल्या पाण्यापैकीं सुमारें चार-पंचमांश पाणी सांडपाण्याच्या रूपानें परत येतें. तें शुद्ध होऊन आलें तर शहराचा खरा खर्च फारच थोडा. घाण होऊन आलें तर शहरानें आपला वांटा तर घेतलाच, शिवाय खालच्या लोकांचा वांटाहि नासविला. आज इंद्रायणी, पवना, मुळा आणि मुठा या नद्यांतून बरेंचसें सांडपाणी पुरतें शुद्ध न होतां भीमेस मिळतें आणि उजनींत येऊन सांचतें. तेथें जलपर्णी माजते, पाण्यास हिरवा रंग चढतो आणि दुर्गंधि सुटते. तेंच पाणी पुढें सोलापूरकर पितात, आणि तेंच पंढरीच्या वाळवंटांत वारकरी भक्तिभावानें अंगावर घेतात. आषाढीस लाखों लोक ज्या पाण्यांत स्नान करतात त्यांत पुण्याच्या मोऱ्या मिसळलेल्या असाव्या, ही गोष्ट ज्या समाजास लाजिरवाणी वाटत नाहीं, त्यानें नदीस माता म्हणणें सोडून द्यावें हें बरें.

आतां उजनीच्या घरांतील खर्च पाहूं. सर्वांत आधीं सूर्य आपला कर घेतो. हा जलाशय विस्तीर्ण पण उथळ असल्यामुळें वर्षाकांठीं दहा अब्ज घनफुटांहून अधिक पाणी नुसतें वाफ होऊन उडून जातें. त्यानंतर डावा व उजवा कालवा, भीमा-सीना जोडबोगदा, उपसा सिंचनाच्या योजना आणि जलाशयाच्या कांठीं बसविलेले हजारों पंप हे आपापला हिस्सा उचलतात. यांपैकीं बहुतेकांचें तोंड एकाच पिकाकडे आहे, आणि तें पीक म्हणजे ऊंस. सोलापूर जिल्ह्यांत साखरेचे तीसांहून अधिक कारखाने आहेत. ज्या जिल्ह्याचें नांव पिढ्यान् पिढ्या दुष्काळाशीं जोडलें गेलें, त्याच जिल्ह्यांत साखरेची एवढी धुराडीं उभीं राहावीं, हें आमच्या अर्थव्यवस्थेचें एक विलक्षण कोडें आहे.

थोडा हिशेब करून पाहूं. पाटाचें मोकाट पाणी दिल्यास उसाच्या शेतांत वर्षभरांत सुमारें दोन मीटर उंचीचें पाणी ओतावें लागतें. म्हणजे एका हेक्टरास वीस हजार घनमीटर. शहरांतील मनुष्यास दररोज १३५ लिटर धरलें तर वर्षास सुमारें एकोणपन्नास घनमीटर लागतात. अर्थात् उसाचें एक हेक्टर जितकें पाणी पितें, तितक्यांत चारशें नागरिकांचें वर्ष निघतें. हेंच पाणी ठिबकानें दिलें आणि तिसरा हिस्सा जरी वांचला, तरी एका हेक्टरामागें सव्वाशेंहून अधिक माणसांची सोय होते. साऱ्या महाराष्ट्रांत पिकाखालील जमिनीच्या चार टक्क्यांहून कमी जमिनीवर ऊंस असतो आणि तो सिंचनाचें सुमारें सत्तर टक्के पाणी घेतो, असें केंद्राच्या कृषि खर्च व मूल्य आयोगानें दाखवून दिलेलें आहे.

परंतु येथें शेतकऱ्यास दोष देऊन मोकळें होणें हा शहरवासीयांचा आवडता उद्योग आहे. त्यांत आम्ही सामील होऊं इच्छीत नाहीं. शेतकरी ऊंस कां लावतो? ज्याचा किमान भाव कायद्यानें ठरलेला आहे आणि ज्यास गिऱ्हाईक ठरलेलें आहे असें त्याच्या हातीं दुसरें पीक नाहीं, म्हणून. तूर पिकवावी तर बाजारांत भाव कोसळतो. कांदा पिकवावा तर निर्यातीचें दार केव्हां बंद होईल याचा नेम नाहीं. डाळिंब लावावें तर रोगानें बाग जाते. उसाचें बिल उशीरां मिळेल, पण मिळेल, एवढा तरी भरंवसा असतो. आमच्या व्यापारी वाचकांनीं मनास विचारावें : आपणहि भांडवल कोठें गुंतवितों? जेथें बुडण्याचें भय कमी तेथेंच ना? मग शेतकऱ्यानें तेंच केलें तर त्यास पाणीचोर कां म्हणावें? ऊंस कमी व्हावा असें ज्यास मनापासून वाटतें, त्यानें मंगळवेढ्याच्या ज्वारीस आणि बार्शीच्या तुरीस उसाइतका खात्रीचा भाव मिळवून देण्याची भाषा आधीं बोलली पाहिजे.

आतां ज्या सोलापूर शहरासाठीं एवढें सारें चाललें आहे अशी समजूत आहे, त्याची स्थिति पाहा. २०११ च्या शिरगणतीप्रमाणें या शहराची वस्ती साडेनऊ लाख होती. वर सांगितलेल्या मापानें तेवढ्या वस्तीस वर्षाकांठीं पावणेदोन अब्ज घनफूटहि पाणी लागत नाहीं. ११७ अब्ज घनफुटांचें धरण शंभर किलोमीटरांवर असतां या शहराच्या नळांस अनेक वर्षें चार-चार, पांच-पांच दिवसांआड पाणी येत आलें. गिरणगांव म्हणून नांवाजलेल्या आणि चादरींसाठीं साऱ्या देशांत प्रसिद्ध असलेल्या या शहरांतील गृहिणीनें पहांटे तीन वाजतां उठून नळाची वाट पाहावी, हें कोणाच्या पापाचें फळ? शहराचा एक मोठा वांटा नदीच्या पात्रांतून सोडला जातो. उन्हाळ्यांत तें कोरडें पात्र, वाळूच्या उपशानें पडलेले खड्डे आणि दोन्ही कांठांचे पंप यांतून वाट काढीत पाणी टाकळीच्या बंधाऱ्यापर्यंत पोंचावें लागतें, आणि एक घागर मिळण्यासाठीं अनेक घागरी ओताव्या लागतात. बंद नळानें पाणी आणण्याचें काम पुरें करून नदींतून पाठविण्याची ही उधळपट्टी थांबविणें हा पहिला उपाय होय, हें कोणासहि समजण्यासारखें आहे. तरी तो वर्षानुवर्षें रखडला.

असें असतां याच मुलखास पुराचाहि तडाखा बसतो. ऑक्टोबर २०२० मध्यें भीमेनें पंढरपुरांत व कांठच्या गांवांत हाहाकार उडविला. सप्टेंबर २०२५ मध्यें तर एरवीं कोरडी असणारी सीना अशी फुगली कीं माढें व मोहोळ तालुक्यांतील गांवें पाण्यांत बुडालीं. म्हणजे जमेची बाजूहि आतां पूर्वीसारखी राहिलेली नाहीं. पाऊस कमी दिवसांत अधिक कोसळूं लागला आहे. अशा काळीं धरण भरण्याची घाई केली तर पुराचें भय, आणि रिकामें ठेवलें तर दुष्काळाचें भय. वरच्या सर्व धरणांचा एकत्र विचार केल्याशिवाय यांतून मार्ग निघणार नाहीं.

हा प्रश्न आजचा नव्हे. नीरा ही भीमेचीच उपनदी. तिच्या डाव्या कालव्यावर ऊंस वाढूं लागला तेव्हां कालव्याच्या तोंडाशीं असलेलीं गांवें पाणी पिऊन तृप्त आणि शेपटाशीं असलेलीं गांवें कोरडीं, असा अनुभव सव्वाशें वर्षांपूर्वींच आला. त्यावर तेव्हां मुंबई सरकारच्या नोकरींत असलेले विश्वेश्वरय्या यांनीं फड पाडण्याची म्हणजे ‘ब्लॉक’ची पद्धति सुचविली. पाणी एकाच जागीं न जिरवितां अधिक गांवांस वांटावें, ऊंस ठरलेल्या फडापुरता ठेवावा आणि उरलेल्या जमिनींत हंगामी पिकें घ्यावींत, असा त्या योजनेचा गाभा होता. त्याच्याहि आधीं, १८८३ सालीं, जोतीराव फुले यांनीं ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहितांना पावसाचें पाणी शेतांत मुरावें म्हणून ताली व बंधारे घालण्याचा आग्रह धरला होता. तेव्हां औषध ठाऊक नाहीं असें नव्हे. औषध घेण्याचें धैर्य नाहीं, एवढेंच.

कायद्याचीहि वाण नाहीं. २००५ सालीं महाराष्ट्रानें दोन चांगले कायदे केले. एकानें जलसंपत्ति नियमन प्राधिकरण निर्माण झालें. दुसऱ्यानें शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थांस पाणी मोजून देण्याची व्यवस्था केली. परंतु मोजून देण्याची गोष्ट बहुतेक ठिकाणीं कागदावरच राहिली. अजूनहि आकारणी बहुधा पिकावर आणि क्षेत्रावर होते. किराणा दुकानदारानें साखर तोलून न देतां गिऱ्हाइकाचें घर किती मोठें आहे हें पाहून पैसे घ्यावे, तसाच हा प्रकार. मोजमापच नाहीं तेथें काटकसर करणारा मूर्ख ठरतो आणि उधळणारा शहाणा.

म्हणून आमचें सरकारास व लोकांस असें सांगणें आहे. एक, ज्याप्रमाणें धरणाचा साठा रोज प्रसिद्ध होतो त्याचप्रमाणें खर्चहि रोज प्रसिद्ध व्हावा. कोणत्या कालव्यास, कोणत्या शहरास, कोणत्या उपसा योजनेस व कोणत्या कारखान्यास किती पाणी गेलें, हें कोणाहि नागरिकास वाचतां आलें पाहिजे. दोन, कालवा सल्लागार समितीच्या बैठकींत पाण्याच्या पाळ्या ठरतात. त्या बैठकींत पुढाऱ्यांबरोबर शेपटाकडील शेतकरी, शहरांतील नागरिक आणि नदीकांठचे मच्छीमार यांसहि जागा मिळावी, आणि तिचें कामकाज छापून प्रसिद्ध व्हावें. तीन, उजनीवरील उसास ठिबकाची अट केवळ फर्मानानें नव्हे तर कारखान्यांनीं भांडवल पुरवून अंमलांत आणावी. ज्याचें गाळप त्या पाण्यावर चालतें त्यानें त्या पाण्याचा कांहीं भार उचलणें हें न्याय्यच आहे. चार, पुणें व पिंपरी-चिंचवड यांस वाढीव पाणी देण्यापूर्वीं त्यांनीं किती पाणी शुद्ध करून परत केलें याचा दाखला मागावा. पांच, मृत साठ्याचें पाणी पिण्याखेरीज अन्य कामास न वापरण्याचा नियम करावा, आणि मोडणारा कितीहि वजनदार असला तरी तो पाळला जावा.

यावर असा आक्षेप येईल कीं, ऊंस कमी केला तर कारखाने बंद पडतील, मजूर बेकार होतील आणि बाजारपेठा ओस पडतील. हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाहीं. उसाच्या पैशावरच पंढरपूर, अकलूज, बारामती व इंदापूर येथील दुकानें उजळलीं आहेत. परंतु आडांत नसेल तर पोहऱ्यांत कोठून येणार? २०२४ सारखीं दोन वर्षें लागोपाठ आलीं तर कारखान्यांस ऊंस कोण देणार आणि दुकानांत गिऱ्हाईक कोण येणार? शिवाय ऊंस मुळींच नको असें आमचें म्हणणें नाहींच. तितक्याच पाण्यांत अधिक शेतांस ओल मिळाली, तर बाजारांत खरेदी करणारे हातहि वाढतील. शंभर बागाइतदारांच्या गिऱ्हाइकीपेक्षां हजार बेताच्या शेतकऱ्यांची गिऱ्हाइकी पेठेस अधिक टिकाऊ असते, हें कोणताहि जुना दुकानदार सांगेल.

शेवटीं एका हक्कदाराचें नांव या वहींत अद्याप कोठेंच आलें नाहीं. तो हक्कदार म्हणजे स्वतः नदी. भीमेच्या आणि सीनेच्या संगमावर हत्तरसंग कुडल येथें १०१८ सालचा कोरीव लेख आहे. मराठीच्या सर्वांत जुन्या लेखांत त्याची गणना होते. आपल्या भाषेचीं पहिलीं अक्षरें ज्या नदीच्या कांठीं कोरलीं गेलीं, तिच्या पात्रांत उन्हाळ्यांत वाळूचे खड्डे आणि डबक्यांवरची शेवाळ यांखेरीज कांहीं दिसूं नये, ही शोचनीय गोष्ट आहे. पात्रांत थोडें तरी पाणी बारमाही वाहतें राहिलें तर विहिरींस पाझर राहतो, मासे जगतात आणि घाण धुवून जाते. तेव्हां वांटपाच्या यादींत नदीचा वांटा सर्वांच्या आधीं लिहिला पाहिजे.

पुढील वेळीं ‘उजनी किती टक्के?’ असें कोणी विचारलें, तर आमच्या वाचकांनीं त्यास उलट विचारावें : ‘आणि खर्च किती, कोणाच्या नांवावर?’ हा दुसरा प्रश्न पेठेपेठेंतून विचारला जाऊं लागला, म्हणजे वही उघडावीच लागेल. ती लपवून ठेवण्याचें धैर्य कोणत्याहि सरकारास फार दिवस होणार नाहीं.